नाकाशी धरलेली चप्पल

मामांच्या चपलेला शेणाचा वास यायचा, आणि तो ताज्या शेणाचा नसायचा. ताज्या शेणात गवताचा थोडा वास असतो, तो सहन होतो. मामांच्या चपलेचं शेण वाळून पुन्हा भिजलेलं असायचं. त्याखाली पायाचा घाम आणि त्याच्याही खाली जुनं रबर. हे मला इतकं नीट माहीत आहे, कारण दोन वर्षांत ती चप्पल माझ्या नाकाशी निदान वीसेक वेळा धरली गेली, आणि प्रत्येक वेळी मी पूर्ण जागा होतो.

मामा म्हणजे आमच्या शाळेचे शिपाई. घरी त्यांची एक म्हैस आहे. सकाळी धार काढून, गोठा लोटून, त्याच पायांनी ते शाळेत येतात. मी त्याच शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. शाळा धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, एका गावात आहे. माझं घर वाशीत.

माझ्या आजाराचं नाव नार्कोलेप्सी. हे नाव मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. त्याआधी लोक त्याला आळस म्हणायचे, नाहीतर फीट, नाहीतर दारू. या आजारात मेंदूला जागं राहणं आणि झोपणं यांच्यातली सीमा नीट सांभाळता येत नाही. मला दिवसा झोप येते. रात्री सात तास झोपलो तरी सकाळी अकरा वाजता अशी येते की उभ्या उभ्या डोळे मिटतात. हे लोकांना पटतं. दुसरी गोष्ट पटत नाही. मला खरंखुरं हसू आलं की माझं अंग सुटतं. आधी जबडा सैल होतो, मग मान पुढे पडते, मग गुडघे मोडतात आणि मी खाली येतो. एक-दीड मिनिट बोटसुद्धा हलत नाही. पण शुद्ध जात नाही. मला सगळं ऐकू येतं, अर्धवट उघड्या डोळ्यांना समोरचं दिसतं, आणि नाक तर पूर्ण चालू असतं. मग मी आपोआप उठतो.

आपोआप उठतो, इथंच सगळा घोटाळा आहे. आमच्याकडं माणूस पडला की त्याच्या नाकाला चप्पल लावायची पद्धत आहे. फीट आलेल्या माणसाला चामड्याच्या वासानं शुद्ध येते असं समजतात. मी पडतो, कोणीतरी चप्पल काढतो, नाकाशी धरतो, आणि मिनिटभरात मी उठून बसतो. बघणाऱ्याला काय दिसणार? त्याला गुण आलेला दिसतो. मी जितक्या वेळा पडलो तितक्या वेळा चप्पल सिद्ध होत गेली. विज्ञानाचा शिक्षक असूनही मी माझ्या देहानं गावाला एका खोट्या औषधाचा पुरावा देत राहिलो.

पहिल्यांदा हे धाराशिवच्या बसस्थानकावर झालं. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शनिवारी घरी निघालो होतो. पुढं एक म्हातारी काखेत कोंबडी घेऊन गाडीत चढत होती. कंडक्टर म्हणाला, "आजी, कोंबडीचं पण तिकीट लागंल."

म्हातारी म्हणाली, "कशाचं तिकीट? ती कुठं बसायलीय? उभीच येतीय की."

मी हसलो आणि गाडीच्या पायरीशी कोसळलो. डोळ्यांसमोर पाच-सहा जणांचे पाय आले. "फीट आली, फीट आली, सरका" असा आवाज झाला. मला ओरडून सांगायचं होतं की मी ठीक आहे, पण जीभ जागची हलेना. मग एक तपकिरी चप्पल खाली आली. तिच्या अंगठ्याजवळ पानाच्या पिचकारीचा वाळलेला डाग होता. त्या माणसानं ती चप्पल माझ्या वरच्या ओठावर टेकवली आणि दाबून धरली. कोणीतरी भज्यांच्या गाड्यावरून फोडलेला कांदा आणला, तो दुसऱ्या नाकपुडीला लावला. तोंड बंद करता येत नव्हतं. कांद्याचं पाणी आत गेलं.

उठल्यावर मी त्या माणसाकडं पाहिलं. तो झाडाखाली चप्पल पायात घालत होता आणि चार माणसं त्याच्याकडं डॉक्टरकडं बघावं तसं बघत होती. मी त्याला हात जोडून "धन्यवाद काका" म्हणालो.

या धन्यवादाची मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

पण तो कुठून आला तेही सांगायला हवं. माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, वाशीत एका पिठाच्या गिरणीत कामाला होते. दिवसभर दळण टाकायचं, पट्टा सैल झाला की ओढायचा, पीठ जाड पडलं की दगड आवळायचा. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया आणि पापण्या पांढऱ्या असायच्या. त्यांना सही करता यायची, वाचता यायचं नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. मला वह्या देणाऱ्या बाई, वसतिगृहात जागा मिळवून देणारे सर, जुनी पुस्तकं देणारा पुढच्या वर्गातला मुलगा, अशा माणसांच्या हातांवरून मी वर आलो. प्रत्येकाला धन्यवाद म्हणायचं हे मला श्वास घेण्यासारखं झालं होतं. कोणी काही केलं की तोंडातून तो शब्द बाहेर यायचा. काय केलं ते बघायच्या आधी यायचा.

आणि एक गोष्ट लिहायला नको वाटते. माझी थोरली आत्या आमच्याकडंच राहायची. तिला खरी मिरगी होती. तिला झटका आला की आण्णा म्हणायचे, "पळ, पायताण आण." मी सात-आठ वर्षांचा होतो. दारात चार जोड असायचे. मी त्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात फाटकी चप्पल निवडायचो, कारण जुनीला जास्त गुण असतो असं मला कोणीतरी सांगितलं होतं. कधी कधी ती मीच धरायचो. झटका थांबल्यावर आत्या बराच वेळ गप्प पडून राहायची आणि पदरानं नाक पुसायची. पुन्हा पुन्हा पुसायची. मला वाटायचं तिला सर्दी आहे. आत्या आता नाही. तिला त्या वेळी काही कळायचं की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही.

बीएड झाल्यावर या शाळेत शिक्षण सेवक म्हणून लागलो. शिक्षण सेवकाची तीन वर्षं असतात. ती समाधानकारक झाली की कायम करतात, नाही झाली की घरी. मुलाखतीच्या दिवशी माझी कोणाशी ओळख नव्हती. तरी मुख्याध्यापकांनी मला घेतलं, कारण मी मुलांसमोर लिंबं, खिळे आणि तांब्याच्या तारेनं छोटा दिवा पेटवून दाखवला होता. मी त्यांचा ऋणी होतो आणि आहे. आण्णांनी त्या दिवशी गिरणीतून सुट्टी घेतली आणि शाळेच्या फाटकाला बाहेरून हात लावून नमस्कार केला. कायम होणं हे माझ्यापेक्षा त्यांना हवं होतं. आई दर रविवारी सोनारीला भैरोबाला जाऊन अंगारा आणू लागली. अंगारा मी मुकाट्यानं लावायचो. त्याला निदान वास चांगला होता.

पहिल्या वर्षी मी दोन उपाय केले. झोपेसाठी उभं राहून शिकवायचं, खुर्ची वर्गाबाहेर ठेवायची. आणि पडू नये म्हणून हसायचं नाही. दुसरा उपाय मी इतक्या कडकपणे पाळला की मुलं मला "पोलीस" म्हणू लागली. मुलांनी काही गमतीचं उत्तर दिलं की मी लगेच खिडकीबाहेर बघून मनात आवर्तसारणी म्हणायचो. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. त्याच वर्षी माझं लग्न झालं. बायको भारी नकला करते. लग्नानंतर आठव्या दिवशी तिनं माझ्या मामेसासऱ्यांच्या चालण्याची नक्कल केली आणि मी स्वयंपाकघरात पडलो. ती घाबरून रडली. मग मी तिला सांगितलं, की घरात विनोद करत जाऊ नको. नवीन लग्न झालेल्या मुलीला मी हे सांगितलं. तिनं वर्षभर पाळलं.

हसू टाळता येतं, पण कधीतरी येतंच. शिक्षकांच्या खोलीत महिन्यातून एखाद्या वेळी मी पडायचो आणि मामा तयारच असायचे. त्यांना त्याचा अभिमान वाटायचा. नवीन आलेल्या मॅडमना ते सांगायचे, "दुसऱ्याची चप्पल लावू नका. सरांला माझीच लागू होती. म्हशीचा हात हाय तिला." मॅडम तोंडाला पदर लावायच्या. मी उठून बसायचो, हनुवटीवरची लाळ पुसायचो आणि म्हणायचो, "धन्यवाद, मामा." मग नळावर जाऊन साबणानं नाक धुवायचो, तेही कोणाला दिसणार नाही अशा बेतानं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

वाशीतल्या डॉक्टरांनी फीट समजून फीटच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी झोप आणखी वाढली. उत्तरपत्रिका तपासताना मान पडायची आणि जाग यायची तेव्हा मुलाच्या उत्तरावर लाळेचं डबकं असायचं, शाई पसरलेली असायची. मी तो कागद वाळवायचो आणि त्या मुलाला भीतीनं दोन गुण जास्त द्यायचो. स्वतःच्या शरीराचा असा कंटाळा मला कधी आला नव्हता. कपडे बदलावेत तसं हे अंग काढून टाकावंसं वाटायचं.

मग वहीचं प्रकरण झालं. या आजारात माणूस झोपतो पण हात चालू राहतो. आठवीला मी प्रकाशसंश्लेषण फळ्यावर लिहून देत होतो. मला वाटलं मी सलग लिहिलं. तास संपला, मी फळा न बघता पुसला. दुसऱ्या दिवशी एक पालक मुलीची वही घेऊन मुख्याध्यापकांकडं आले. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "वनस्पती सूर्यप्रकाश, पाणी व कार्बन डायऑक्साइड वापरून अन्न तयार करतात. पाने सकाळी दळण घेतात. पीठ जाड पडल्यास पट्टा ओढून घ्यावा. गव्हावर ज्वारी टाकू नये." वर्गातल्या सगळ्या वह्यांत तेच होतं. एकाही मुलानं हात वर केला नव्हता, कारण पोलिसाला कोण विचारणार.

पालक म्हणाले, "सर, हे शुद्धीतल्या माणसाचं लिहिणं हाय का? तुमीच सांगा."

तिथून गावात पसरलं की मास्तर पिऊन येतो. मी आयुष्यात दारूला हात लावला नाही. संस्थेचे सचिव एकदा अचानक शाळेत आले, व्हरांड्यात मला थांबवलं आणि "काय सर, बरं हाय ना?" म्हणत तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं. इतकं जवळ, की त्यांच्या मिशीतला तंबाखूचा कण मला दिसला. त्यांनी श्वास आत ओढला. मग माझ्या खांद्यावर थोपटून गेले. मी तिथंच उभा राहिलो. माझा श्वास कोणीतरी तपासायला नेल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत मला जेवण गेलं नाही.

बायकोच म्हणाली, "आता इथल्या गोळ्या बास. सोलापूरला जाऊ." आण्णाही बरोबर आले. बार्शीहून सोलापूरला जाणाऱ्या गाडीत मी पूर्ण वेळ झोपलो होतो.

सोलापूरचे मेंदूचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, "कधी पडता? भांडणात, उन्हात, उपाशी असताना?"

मी म्हणालो, "हसल्यावर."

ते खुर्चीत सरळ बसले. "आणि पडल्यावर आमचं बोलणं ऐकू येतं तुम्हाला?"

तेव्हापर्यंत हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता. आधीच्या डॉक्टरांनी नाही, मुख्याध्यापकांनी नाही, आईनंही नाही. मी "सगळं" म्हणालो आणि मला इतकं बरं वाटलं की हसू आलं. मी खुर्चीतून घसरलो. अंगात आनंद असला तरीही ते होतं. आण्णा लगेच वाकले आणि त्यांनी पायातली चप्पल काढली. तिच्यावर पीठ बसलेलं मला दिसलं.

डॉक्टर म्हणाले, "काका, चप्पल घाला. काही लागत नाही. थांबा फक्त."

आण्णा चप्पल हातात धरून उभे राहिले. डॉक्टर आपल्या खुर्चीवर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. बायकोनं माझी मान सरळ केली. खोलीत फिनाइलचा वास होता. इतकी वर्षं पडत होतो, पण चारचौघांत पडल्यावर नाकाला साधी हवा मिळण्याची ती पहिली वेळ. मी उठलो तेव्हा आण्णांनी चप्पल खाली टाकली आणि हळूच म्हणाले, "मग आक्काला पण..." आक्का म्हणजे माझी आत्या.

झोपेची तपासणी झाली, आजाराचं नाव कळलं, गोळ्या बदलल्या. डॉक्टरांनी सांगितलं की हा बरा होत नाही, सांभाळावा लागतो. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं ठरवून झोपायचं. पडल्यावर फक्त डोकं आपटू द्यायचं नाही. नव्या गोळ्यांनी पडणं कमी झालं, बंद नाही झालं. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेतलं मागचं बाक मला झोपायला दिलं. सांगाड्याच्या कपाटाशेजारी मी रोज वीस मिनिटं झोपू लागलो. खिडकीतून मुलं बघायची. त्यांची मला लाज वाटत नव्हती. प्रौढ माणसं बघून नाकं मुरडायची, त्यांची वाटायची.

चपलेचा निकाल लावायचा म्हणून मी घरी प्रयोग केला. रविवारी दुपारी गादी अंथरायची, बायकोनं नकला करायच्या, मी पडायचं, तिनं मोबाइलवर वेळ मोजायचा. एकदा चप्पल लावून, एकदा न लावता. चप्पल लावणं तिच्या जिवावर आलं, पण मीच आग्रह केला. वर्षभर गप्प राहिलेल्या बायकोनं त्या चार रविवारांत पोटभर नकला करून घेतल्या. पडल्या पडल्या मला तिचं हसणं ऐकू यायचं. या सगळ्या काळातली तेवढी एक गोष्ट घाण नव्हती.

आकडे मांडून मी वही मुख्याध्यापकांना दाखवली. चपलेशिवाय एक मिनिट चाळीस सेकंद, चपलेसह एक मिनिट तीस. कधी याच्या उलट.

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "म्हणजे धा सेकंद कमी झाले की."

"सर, पुढच्या ओळीत वाढलेत."

"व्हय, पण कमी पण झाले ना."

मी वही बंद केली. ते चांगले गृहस्थ आहेत. मी "धन्यवाद सर" म्हणून बाहेर आलो.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मला कायम करायचं की नाही हे ठरवायला बैठक झाली. मुख्याध्यापकांच्या खोलीत सकाळी अकराला. सचिव, संस्थेचे एक सदस्य, मुख्याध्यापक आणि मी. मामा चहा घेऊन दाराशी उभे होते. त्या सकाळी मी घरून निघताना आण्णा दाराशी बसून होते. त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

सचिव म्हणाले, "तक्रारी वाचा."

मुख्याध्यापकांनी त्या आठवीच्या मुलीची वही काढली. त्यांचा आवाज प्रार्थनेला असतो तसा गंभीर. ते वाचू लागले, "पाने सकाळी दळण घेतात. पीठ जाड पडल्यास पट्टा ओढून घ्यावा." सचिवांच्या गालाचा स्नायू हलला. सदस्यांनी चहाचा कप तोंडापुढं धरला. मुख्याध्यापक मात्र पूर्ण गंभीरपणे पुढं म्हणाले, "गव्हावर ज्वारी टाकू नये. खाली प्रश्न पण दिलाय, कारणे द्या." मी हायड्रोजन, हेलियम, लिथियम म्हणून बघितलं. बेरिलियमपर्यंत पोचलो नाही. मला हसू आलं आणि मी खुर्चीतून सतरंजीवर आलो.

मामा कप ठेवून धावले. पण सचिवांनी त्यांना हातानं अडवलं आणि स्वतःची चप्पल काढली. आपल्या पायातली काढून देणं हा त्यांच्या दृष्टीनं मोठेपणा होता. महागाची कोल्हापुरी. तिला कातड्याचा, तेलाचा आणि पायाला लावायच्या कसल्याशा मलमाचा वास होता. मलम चिकटत होतं. माझ्या ओठाला ते लागलं.

चप्पल धरून सचिव बोलत होते. मी तिथं नाहीच अशा आवाजात बोलत होते.

"असल्या माणसाला कायम करून काय करायचं? उद्या पोरींच्या वर्गात पडला म्हंजी?"

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, शिकवतो चांगलं."

"झोपतो त्याच्याहून चांगलं. असं करा, वरून मान्यता आली न्हाय म्हणून सांगा. पुढच्या साली दुसरा बघू. माझ्या मेव्हण्याचा पोरगा रिकामाच हाय."

सदस्य म्हणाले, "कोण जाब विचारायला आलं म्हंजी?"

"कोण येतंय? बाप गिरणीत पीठ झाडतोय."

माझ्या अर्धवट उघड्या डोळ्यांसमोर सचिवांचा अनवाणी पाय होता. अंगठ्याचं नख पिवळं पडलेलं. मी त्या नखाकडं बघत राहिलो, कारण दुसरीकडं बघता येत नव्हतं. हात परत आले, मग मान आली. मी उठून बसलो, रुमालानं ओठावरचं मलम पुसलं. सगळे माझ्याकडं थोडं हसून बघत होते. ते वाट बघत होते, मी नेहमीचा शब्द म्हणण्याची.

तो शब्द तोंडाशी आलाही होता. मी तो गिळला. गिळताना मलमाची चव लागली.

मी म्हणालो, "साहेब, या आजारात शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं. मान्यता आली नाही असं मला सांगायचं ठरलंय. पुढच्या वर्षी तुमच्या मेव्हण्यांचा मुलगा येणार आहे. माझे वडील गिरणीत पीठ झाडतात म्हणून कोणी विचारायला येणार नाही. मुख्याध्यापक सर म्हणाले की मी चांगलं शिकवतो. एवढं बोलणं झालं. काही राहिलं असेल तर सांगा." मग मी म्हणालो, "चप्पल पायात घाला."

सचिवांनी चप्पल खाली ठेवली, पण पाय घालताना ती उलटी झाली आणि ते दोनदा चाचपडले. सदस्य कपातल्या चहाकडं बघत होते. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "साहेब, अहवाल मी लिहितो. समाधानकारक लिहितो. तुमाला न्हाय म्हणायचं आसलं तर तुमी कारण लिवून द्या." तीन वर्षांत सचिवांपुढं असं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. सचिवांनी कारण लिहून दिलं नाही.

मी नळावर गेलो. या वेळी सगळ्यांना दिसेल असं तोंड धुतलं, साबण लावून, तीनदा. मामा मागून आले.

"सर, सगळं ऐकू यायचं?"

"व्हय, मामा."

"आन् वास?"

"तो पण."

ते आपल्या पायाकडं बघत राहिले. "मग आदी का न्हाय बोललाव? दोन साल मी शेणाची चप्पल..." त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया यायला हवी होती. मला दया आली नाही. मला त्या दोन वर्षांची आणि माझ्या वीस धन्यवादांची शिसारी आली. मी म्हणालो, "माझंच चुकलं," आणि वर्गावर गेलो.

दीड महिन्यानं कायम झाल्याचा आदेश आला. आण्णांना तो वाचून दाखवला. त्यांनी "समाधानकारक" हा शब्द दोनदा वाचायला लावला. मी शाळेत पेढे नेले. मुख्याध्यापकांना वाकून नमस्कार केला, धन्यवाद म्हणालो. तो शब्द त्यांच्यासाठी होता आणि तो म्हणताना मला काहीही वाटलं नाही, म्हणजे किळस वाटली नाही.

मामांना पेढा द्यायला गेलो तर त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटाजवळ नेलं. वरच्या कप्प्यात, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी, वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते सोडलं. बाजारातून आणलेला नवाकोरा चपलांचा जोड होता.

"सर, ही कुणी पायात घातली न्हाय," ते म्हणाले. "तुमच्यासाठी येगळी. हितंच राहील. आता वासाचं टेन्शन न्हाय."

मी त्या माणसाकडं बघितलं. त्यांनी मनापासून विचार केला होता, स्वतः बाजारात गेले होते, आणि तरी चप्पल नाकालाच लावायची होती. मी प्रयोगाच्या वहीबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग जोड हातात घेतला, खाली ठेवला, माझे बूट काढले आणि त्या चपला पायात घातल्या.

"अहो सर, ती..." मामा म्हणाले.

"चपलेची जागा हीच आहे, मामा."

त्या मला लहान होत होत्या. टाच मागं बाहेर राहत होती. मी दिवसभर त्याच घालून शिकवलं आणि दुपारी सांगाड्याशेजारच्या बाकावर झोपलो तेव्हा काढून बाकाखाली ठेवल्या. पायाशी, डोक्याकडून लांब.